मेंडोलिन, बेंजो, गिटार: एकाच सेटमध्ये तिघांच्या तारा भागतील का?

नेरूळचा नवशिक्या

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, सांभाळून घ्या.

नौपाड्यातल्या आजोळच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू होतोय, म्हणून गेल्या रविवारी मामाकडे माळा रिकामा करायला गेलो होतो. एक घंगाळ, दोन पाट, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि त्यामागे जुन्या धोतरात गुंडाळलेलं आजोबांचं मेंडोलिन. पाठ भोपळ्यासारखी गोल, लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली. खुंट्या आठ, तारा उरल्या होत्या तीन, त्याही गंजून तांबड्या. आजोबा वाजवायचे असं आई सांगते. मी कधी ऐकलं नाही.

घरात माझी गिटार आहेच. कॉलेजात घेतलेली, स्टीलच्या तारांची. चार कॉर्डांवर आयुष्य काढलंय. त्यातच मावसभाऊ अमेरिकेहून येताना पाच तारांचा बेंजो घेऊन आला, दोन महिन्यांत कंटाळला आणि मला देऊन मोकळा झाला. म्हणजे सध्या घरात वाद्यं तीन आणि वाजवणारा अर्धा.

तर पहिला प्रश्न: गिटारच्या तारांचा सेट आणून त्यातच तिघांचं भागवता येईल का? शेवटी तार ती तारच ना?

दुसरा: गिटारला ई-ए-डी-जी-बी-ई, मेंडोलिनला जी-डी-ए-ई, बेंजोला जी-डी-जी-बी-डी. सगळी एकसारखी का लावत नाहीत? कुणी मुद्दाम छळायला ठरवलंय का हे?

तिसरा जरा लाजिरवाणा. गिटारची एक सुटी पहिली तार पडली होती, ती गाठ मारून मेंडोलिनला लावली. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप म्हणतं 'ई' लागला, आणि तार मात्र वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबतेय. ॲप बिघडलंय की मी?

बटाटेवडा

तिन्ही विका आणि ब्लूटूथ स्पीकर घ्या. शेजारी दुवा देतील.

कळव्याचा बेंजो

दादा, बेंजोला पाच तारा आणि त्या पण उघड्या? आमच्याकडे बेंजोला बटणं असतात. उजव्या हातात नखी, डाव्या हाताने बटणं दाबायची, पुढे ताशा आणि ढोल. गणपतीला कळवा नाक्यापासून खाडीपर्यंत वाजवत जातो. तुमच्या भावाला अर्धाच बेंजो दिला वाटतं विकणाऱ्याने.

खर्ज

कळवेकर, नाव एक आणि वाद्यं दोन. तुम्ही वाजवता ते बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी: गोरो मोरिता यांनी 1912 साली नागोयात 'ताइशोगोतो' नावाचं बटणांचं तंतुवाद्य काढलं, ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि मुंबई-ठाण्यात 'बेंजो' म्हणून मिरवणुकीत शिरलं. मावसभावाचा आहे तो अमेरिकी बेंजो. डफासारखं गोल कडं, त्यावर ताणलेली पुडी, आणि लांब दांडी. पुडी पूर्वी कातड्याची असायची, आता बहुतेक प्लास्टिकची.

आवाजात मात्र दोघांची नाती जुळतात. दोन्हीकडे सूर टण्णकन येतो आणि लगेच विरतो, म्हणून हात सतत चालता ठेवावा लागतो.

कळव्याचा बेंजो

हे जपानचं माहीत नव्हतं. आमच्या मंडळात सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

गिटारताई

मी वाशीला गिटार शिकवते, मेंडोलिन हौसेने वाजवते. आधी तिसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण त्यात हात कापायची भीती आहे.

ॲप बिघडलेलं नाही. बहुतेक ॲप्स ठळक अक्षरात फक्त नाव दाखवतात, सप्तक कोपऱ्यात बारीक आकड्यात असतं किंवा नसतंच. गिटारच्या पहिल्या तारेचा ई सेकंदाला 330 कंपनांचा, मेंडोलिनचा ई त्याच्या दुप्पट, 659. तू गिटारचा ई मेंडोलिनवर लावलास, म्हणजे एक सप्तक खाली. तार लोंबणारच.

पण आता उत्साहाने पिळत वर नेऊ नकोस. गाठीपाशी तार हमखास तुटते आणि तिचं टोक कुठे उडेल सांगता येत नाही. चष्मा लावून बस.

ॲपऐवजी गिटारवरूनच सूर घे, चूक होणार नाही. गिटार आधी नीट लाव. मग मेंडोलिनची जाड जोडी (त्याच्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत असतात) म्हणजे गिटारची तिसरी तार मोकळी. डीची जोडी म्हणजे गिटारची दुसरी तार तिसऱ्या पडद्यावर (पडदा म्हणजे दांडीवरची आडवी पट्टी, फ्रेट). एची जोडी, पहिली तार पाचव्या पडद्यावर. ईची जोडी, पहिली तार बाराव्या पडद्यावर.

बेंजो तर तुझ्यासाठी अजून सोपा आहे. त्याची चौथी, तिसरी आणि दुसरी तार गिटारच्या चौथी-तिसरी-दुसरीशी तंतोतंत जुळते: डी, जी, बी. पहिली तेवढी ईऐवजी डी, एक पूर्ण सूर खाली. आणि ती दांडीच्या मध्यावर खुंटी असलेली आखूड पाचवी म्हणजे गिटारची पहिली तार तिसऱ्या पडद्यावर. म्हणजे तुझे चार कॉर्ड बेंजोवरही चालतील, फक्त पहिल्या तारेवरचं बोट दोन पडदे पुढे.

नेरूळचा नवशिक्या

ताई, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच पिळली. तुटली. गाठीपाशीच. अंगठ्याला बँडेड आहे.

गिटारताई

😑

तारतम्य

(ऐरोली. पेशाने यंत्र अभियंता, त्यामुळे आकडे येणार. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.)

'तार ती तारच ना' याचं उत्तर एका सुरात सांगता येतं. जी, सेकंदाला 196 कंपनं. आपल्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) भाषेत मंद्राकडची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. हा सूर तिन्ही वाद्यांवर मोकळ्या तारेचा आहे, पण त्या तिन्ही तारा शेजारी ठेवून बघा.

गिटारवर ती तिसरी तार: नेहमीच्या बाराच्या सेटमध्ये जाडी 24, म्हणजे इंचाचे 24 हजारांश, वर ब्राँझचं वेटोळं (सेटला नाव पहिल्या, सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून, इथे 12). मेंडोलिनवर तोच सूर देणारी चौथी जोडी: 34 ते 40, वेटोळ्याची. बेंजोवर तिसरी: 12 किंवा 13, साधी उघडी स्टीलची तार, सुईसारखी.

सूर एक, आणि जाडी 12 पासून 40 पर्यंत. कारण तारेचा सूर तीन गोष्टींनी ठरतो: घोडीपासून (तारा पोटावर जिच्यावर टेकतात ती) नटापर्यंतची (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) लांबी, ओढ आणि तारेचं वजन. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने 1636 साली हे छापलं. लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट. ओढ चौपट केली की कंपनं दुप्पट. वजन चौपट केलं की कंपनं निम्मी.

गिटारची तार साधारण 65 सेंमी, मेंडोलिनची 35. एवढ्या आखूड तारेतून पांढरी पाच खालची काढायची तर एकतर ओढ ढिली करा (मग ती फडफडते, आवाज निघत नाही) किंवा वजन वाढवा. म्हणून जाड. बेंजोची तार सगळ्यांत लांब, 66-67 सेंमी, तरी सगळ्यांत बारीक. याचं कारण ओढ. बेंजोची घोडी ताणलेल्या पुडीवर नुसती उभी असते. तिथे एकेका तारेला पाचेक किलोच ओढ ठेवतात, पाची मिळून 25-30 किलो. बाराच्या सेटवर गिटारचा भार 70 किलोच्या वर जातो. मेंडोलिन केवढंसं, पण आठ तारा असल्याने तेही जवळपास गिटारच्या पंक्तीला बसतं.

तुमची 'ई'ची तार लोंबत होती त्याचंही गणित इथेच आहे. एक सप्तक खाली, म्हणजे ओढ हवी त्याच्या एक-चतुर्थांश.

सूरपेटी

+1. तारतम्य हे नाव आज सार्थ झालं.

डोंबिवली फास्ट-स्लो

एवढं गणित कशाला? मेंडोलिनला गिटारची जाडसर तार लावा, बाराची किंवा तेराची. जाड तार तुटत नाही. बारीक तारा पावसाळ्यात पटापट तुटतात, स्वानुभव.

तारतम्य

नाही हो. हा समज इतका पक्का बसलाय की थोडं थांबतो.

जाड तार जास्त वजन पेलते, बरोबर. पण त्याच सुराला यायला तिला ओढही त्याच प्रमाणात जास्त लागते. जाडी दुप्पट, तर छेदाचं क्षेत्रफळ चौपट, वजन चौपट, ओढही चौपट. म्हणजे तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा ताण होता तेवढाच. साधी स्टीलची तार तुटण्याच्या किती जवळ आहे हे फक्त लांबी गुणिले कंपनं यावर ठरतं. जाडी त्यात येतच नाही.

गिटारची पहिली तार: 65 गुणिले 330, साडेएकवीस हजारांच्या आसपास. मेंडोलिनची पहिली: 35 गुणिले 659, तेवीस हजार. बेंजोची पहिली: 67 गुणिले 294, वीस हजारांच्या आत. म्हणजे तिघांत मेंडोलिनची पहिली जोडी कड्याच्या सर्वांत जवळ उभी आहे. तिथे नऊची तार लावा की बाराची, अंतर तेवढंच. जाड लावून तार वाचत नाही, वाद्य मात्र मोडतं, कारण ओढ वाढते ती लाकडाला सोसावी लागते.

तुमच्या बारीक तारा पावसाळ्यात तुटतात त्या गंजामुळे. तेवढाच गंज बारीक तारेचा मोठा हिस्सा खातो.

जाता जाता बेंजोची एक गंमत. पहिली आणि पाचवी तार सेटमध्ये एकाच जाडीच्या असतात, बहुतेक नऊच्या. पाचवी सुरू होते पाचव्या पडद्यापाशी. पहिली तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो सूर येतो, जी, तोच पाचवीचा मोकळा सूर. लांबी तेवढीच, सूर तोच, म्हणून तार तीच आणि ओढही तीच. ज्याने हे बसवलं त्याला मर्सेन माहीत असण्याची गरजच नव्हती.

डोंबिवली फास्ट-स्लो

मान्य. तेराचा सेट परत करून येतो.

नौपाडकर

उशिरा आलो. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचो, गडकरी रंगायतनला कितीतरी प्रयोग केले. आता बोटं ऐकत नाहीत, कान ऐकतात.

नवशिक्या बेटा, तुझ्या आजोबांचं वाद्य गोल पाठीचं आहे हे तू पहिल्याच परिच्छेदात लिहिलंस आणि पुढे कुणी त्यावर थांबलं नाही. सगळं त्यातच आहे. गोल पाठीचं म्हणजे नेपल्सच्या घराण्याचं. सपाट पाठीचं, पोट (पुढची फळी) कोरून काढलेलं जे अमेरिकी मेंडोलिन असतं ते ऑर्व्हिल गिब्सनच्या वळणाचं, 1898 चं त्याचं पेटंट आहे, आणि ते दणकट असतं. आज दुकानात मिळणारे दहा-अकराचे सेट त्या अमेरिकी अंगासाठी असतात. गोल पाठीचं पोट पापडासारखं पातळ. त्याला अकरा लावलीस तर एक दिवस घोडी खाली बसलेली दिसेल आणि पोटाला खड्डा.

नऊच्या वर जाऊ नकोस. आम्ही तारा नंबराने नाही, बोटाने ओळखायचो, पण माझं बोट तुला हेच सांगेल.

आणि पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मेंडोलिन म्हणजे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. व्हायोलिनही असंच लावतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीत लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवायचे आणि प्यारेलाल व्हायोलिन, म्हणजे दोघांच्या डाव्या हाताचा नकाशा एकच. फरक उजव्या हातात, एकाला नखी, दुसऱ्याला गज. मला ही जोडी जमण्यामागचं एक कारण नेहमी तेच वाटत आलंय. पुरावा विचारू नका.

तारतम्य

नौपाडकर काका, दंडवत. गोल पाठ माझ्या नजरेतून सुटली.

तुमच्या बोटाचा आकडा: ओढ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नऊचा वर्ग 81, अकराचा 121. म्हणजे तोच सूर, तेवढीच लांबी, आणि ओढ दीडपट. गोल पाठीच्या मेंडोलिनची तार साधारण 33 सेंमी धरली तर नऊच्या तारेला सहा किलोच्या थोडं वर, अकराच्या तारेला सव्वानऊ. गुणिले आठ करायला नको, पोट बसेलच.

गिटारताई

आता दुसरा प्रश्न, छळ का केला.

हाताची वीत सगळ्यांची एकच. मेंडोलिनवर पहिल्या सात पडद्यांना पावणेबारा सेंमी लागतात, गिटारवर तेवढ्याच सात पडद्यांना साडेएकवीस. मेंडोलिनवर हात न हलवता चार बोटांत सात पडदे येतात, म्हणजे पुढच्या तारेचा मोकळा सूर येईपर्यंत मधला एकही सूर सुटत नाही. म्हणून पंचमाचं अंतर चालतं. गिटारवर पंचमाने तारा लावल्या तर प्रत्येक सरगमला हात धावत सुटेल. म्हणून तिथे मध्यमाचं अंतर, पाच पडद्यांचं.

मग जी आणि बी मध्ये चारच पडदे का? सगळीकडे मध्यम ठेवला असता तर ई-ए-डी-जी-सी-एफ झालं असतं, आणि सहावी ई, पहिली एफ. पहिल्या बोटाने आडवी पट्टी दाबून कॉर्ड धरायचा म्हटला तर दोन टोकं भांडली असती. एका जागी एक पडदा कमी केला आणि दोन्ही टोकांना ई आला.

शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक युक्ती सांगते. गिटारच्या जाड चार तारा ई-ए-डी-जी. उलट वाचा: जी-डी-ए-ई. हे मेंडोलिन. तुझे गिटारवरचे जाड तारांचे आकार आरशात उलटे केले की मेंडोलिनचे होतात. दोन दिवस डोकं गरगरतं, मग बसतं.

जाता जाता, तुझी गिटार स्टीलची आहे हे बरं. कुणी हे वाचून नायलॉनच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवू नका, घोडी उखडून हातात येते. माझ्याकडे दर वर्षी एक तरी पालक अशी गिटार घेऊन येतात.

खर्ज

ताई, बेंजोचा छळ राहिला. तिथे पंचम नाही की मध्यम नाही, सरळ कॉर्डच लावून ठेवलाय. सा पांढरी पाच धरा. चौथी ते पहिली: मंद्र पंचम, सा, ग, प. आणि आखूड पाचवी म्हणजे तार सा. मी सतार शिकलोय, मला ती पाचवी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसू आलं. ती चिकारीच आहे! सूर बदलत नाही, अंगठ्याने अधूनमधून छेडायची, बाकीच्या बोटांची गत चालू. कुठे मिरज, कुठे अमेरिकेतलं डोंगराळ गाव.

चार तारांचे बेंजोही असतात, त्यांना ही चिकारी नसते. त्यातला टेनर हा सी-जी-डी-ए लावतात, आणि आयरिश वादक तोच मेंडोलिनसारखा जी-डी-ए-ई, फक्त एक सप्तक खाली. मावसभाऊ परत जाणार असेल तर पुढच्या वेळी तो आणायला सांग, मेंडोलिनचा हात तसाच चालेल.

आता मला खुपणारी गोष्ट. बेंजोचा गंधार ॲपवर लावू नका. ॲपचा बी समान विभागणीचा (सप्तकाचे बारा सारखे भाग), आणि तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार त्याहून 14 सेंट उतरा. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. बाकीच्या तारा सा आणि प वर असताना तो चढा गंधार कानाला टोचतो. दुसरी तार किंचित, अगदी किंचित उतरवा, आणि सगळा बेंजो एकदम गप्प झाल्यासारखा जुळतो.

गिटारताई

आणि मग त्याच तारेवर पहिला पडदा दाबून सीचा कॉर्ड धरला की षड्ज उतरलेला! पडद्यांचं वाद्य आहे, खर्ज. एकाच रागात बसायचं असेल तर उतरवा. कॉर्ड बदलणार असाल तर मधे कुठेतरी तडजोड.

खर्ज

बसायचंच आहे एका रागात. कॉर्ड बदलायची घाई तुम्हा लोकांना.

नौपाडकर

दोघंही बरोबर आहात, भांडू नका. मेंडोलिनवर पंचम कानाने लावलेत तर तेही ॲपपेक्षा दोन-दोन सेंट मोठे येतात, तीन तारांत सहा सेंट. एवढं मेंडोलिन खपवून घेतं. जोडीतल्या दोन तारा मात्र एकमेकींशी एकजीव हव्यात. एक तार सुरात लाव, मग दुसरी हळूहळू आण. जवळ आली की आवाजात लाटा येतात, वाँव-वाँव. लाटा संथ होत होत थांबल्या की जुळली. हे ॲपवर बघून होत नाही, ऐकूनच होतं.

कळव्याचा बेंजो

हे आमच्याकडे पण तसंच. सुरांच्या तारा एकत्र वाजतात, एक जरी उतरली तरी ॲम्प्लिफायरवर सगळ्या गल्लीला कळतं. मी तारांना खोबरेल पुसतो पावसाळ्यात, गंज कमी धरतो.

गिटारताई

दादा, बटणांच्या बेंजोवर चालत असेल, पण गिटार-मेंडोलिनवर तेल नको. वेटोळ्यात धूळ अडकते आणि तार आठवड्यात मुकी होते. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने घाम पुसणं पुरे. आणि आपल्या इथल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत वाद्य भिंतीला टांगू नका, पेटीत ठेवा.

नेरूळचा नवशिक्या

एवढं सगळं वाचून डोकं आणि अंगठा दोन्ही ठणकताहेत. मनापासून आभार.

पण काल आईने नवीनच काढलं. तिला आजोबांच्या मेंडोलिनवर भजनं ऐकायची आहेत. तिचं म्हणणं, 'बाबा सा-प, सा-प असं छेडायचे सुरुवातीला'. जी-डी-ए-ई मध्ये सा-प एकदाच येतं ना? मग ते वेगळं लावायचे का?

नौपाडकर

लावत असणार! भजनाला सोयीचं. ई-ए ची झंझट ठेवायची नाही. वरच्या दोन्ही जोड्या एकेक सूर उतरव: ए चा जी, ई चा डी. झालं सा-प-सा-प. मोकळ्या आठ तारा छेडल्यास तरी तंबोरा. यू. श्रीनिवास (1969-2014) कर्नाटक संगीतात मेंडोलिन घेऊन आले तेव्हा त्यांचं विजेवरचं मेंडोलिन पाच सुट्या तारांचं होतं आणि तेही सा-प-सा-प-सा. जोड्या काढून टाकल्या, कारण गमकासाठी (सूर हलवण्यासाठी) तार ओढायची तर एकटीच बरी.

तारतम्य

थांबा, थांबा. यात नवशिक्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतंय.

एक पूर्ण सूर उतरवला की ओढ साधारण एक-पंचमांशाने कमी होते. आणि दहाची तार नऊपेक्षा 23 टक्के जास्त ओढ घेते. दोन्ही एकत्र केले तर डी वर लावलेली दहाची तार आणि ई वर लावलेली नऊची तार यांच्या ओढीत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक राहतो. म्हणजे सा-प-सा-प लावणार असाल तर काकांनी नऊची घातलेली मर्यादा दहाच्या तारेने मोडत नाही.

आणि गिटारचा दहाचा सेट कसा असतो? 10, 14, 23, 30, 39, 47. कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे. मेंडोलिनचा हलका सेट 10, 14, 24, 34, प्रत्येकी दोन. तर गिटारचे दहाचे दोन सेट घ्या, पहिल्या चार-चार तारा मेंडोलिनला. 30 ची जरा हलकी पडेल, पण जुन्या वाद्याला हलकीच बरी.

गिटारताई

हिशेब बरोबर, एक अडचण. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, मेंडोलिनला आणि बेंजोला फास लागतो, आकड्यात अडकवायला. मणी पक्कडीत दाबून फोड, तो निघाला की आतला पीळ म्हणजे आयता फास. मणी उडतो. चष्मा!!

आणि मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. तुझ्या तारा गेल्यात म्हणजे तिची जागाही हललेली असणार. नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर तेवढंच पुढे मोजून घोडी ठेव. मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून छेड, आणि तिथेच दाबून छेड. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मागे, उतरा आला तर पुढे, एका वेळी केसभरच. बेंजोचीही घोडी अशीच सरकती असते. जागा सापडली की पेन्सिलने खूण कर. गिटारला हे सुख नाही, तिची घोडी कायमची चिकटलेली.

नेरूळचा नवशिक्या

अहवाल. दोन सेट आणले. चष्मा लावला. सातव्या मण्याने फ्रीजला पोचा पाडलाय, बायकोला अजून दिसला नाही.

सा-प-सा-प लागलं. घोडी तीनदा सरकवली. लाटा थांबल्यासारख्या वाटल्या, निदान सात तारांच्या. आईने ऐकलं, काही बोलली नाही, मग म्हणाली, 'माझा सूर काळी चार आहे. अर्धा सूर वर घे.'

सगळ्या आठ पुन्हा पिळू का?

तारतम्य

अर्धा सूर म्हणजे ओढ 12 टक्के जास्त. नका.

नौपाडकर

नको रे बाबा.

गिटारताई

पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लाव. बेंजोचा छोटा मिळतो तो बसेल.

नेरूळचा नवशिक्या

बसला! शनिवारी भजन आहे. कळवेकर दादा, यायचं असेल तर या, बटणवाला घेऊन, ॲम्प्लिफायर सोडून.

एक राहिलं. 39 आणि 47 च्या चार जाड तारा उरल्यात. गिटारच्या दोन बदलतो, बाकी दोघींचं काय करू?

बटाटेवडा

मनी प्लांट चढव.